टनेलमध्ये मावेल तेवढंच

1966 साली जग्वार कंपनीने आपल्या ई-टाइपचा व्हीलबेस नऊ इंचांनी वाढवला. मागे दोन लहान जागा करायच्या होत्या, हे मुख्य कारण. पण वाढलेल्या लांबीचा आणखी एक उपयोग झाला: बोर्ग-वॉर्नरचा तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स या 2+2 मॉडेलमध्ये बसू लागला. त्या काळच्या दोन आसनी ई-टाइपला मात्र कंपनीने तो कधी दिला नाही. पुढच्याच वर्षी एमजीबीच्या मार्क टूमध्ये पायाखालचा पत्राच नव्याने बेतला गेला, गिअरबॉक्सवरचं टनेल रुंद झालं आणि एमजीबीलाही ऑटोमॅटिकचा पर्याय आला.

हे आधी सांगण्याचं कारण असं, की जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये ऑटोमॅटिक बसवायचा विषय निघाला की गाडीवेडी मंडळी भावनेवर जातात. क्लच आणि गिअर हाच त्या गाडीचा प्राण आहे, तो काढला तर उरलं काय, असं विचारतात. मला तो प्रश्न पटतो, पण पूर्ण नाही. ज्यांनी या गाड्या घडवल्या त्यांनीच ऑटोमॅटिक दिला होता. फक्त त्यासाठी त्यांनी आधी जागा केली, मग गिअरबॉक्स बसवला. आज गॅरेजमध्ये नेमकं उलटं होतं. गिअरबॉक्स आधी येतो आणि मग कटर लावून टनेल कापलं जातं. माझा विरोध त्या कटरला आहे.

आणि गरज खरी असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, डाव्या पायात बळ न उरलेला माणूस तरुणपणी जपलेली गाडी विकून टाकतो, कारण क्लच दाबवत नाही. त्या गाडीने शेडमध्ये गंजत पडण्यापेक्षा ऑटोमॅटिक होऊन चालत राहणं मी केव्हाही पसंत करीन.

आमची रत्नागिरी काही विंटेज गाड्यांचं गाव नव्हे. तो मान घाटावर कोल्हापूरचा. तिथे छत्रपती घराण्याची मेबॅक शाही दसऱ्याला आजही बाहेर पडते. खाली गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी तयार झाली, फायबरग्लासची बॉडी आणि रेनोचं 1.2 लिटरचं इंजिन घेऊन. रत्नागिरीकडे यातलं काही नाही. पण या विषयाला लागणाऱ्या दोन गोष्टी इथे भरपूर आहेत: अशा गिअरबॉक्सची कठोर परीक्षा घेणारे रस्ते, आणि इंजिनाला परका गिअर जोडण्याचं हाताचं कसब.

कसबाचं ठिकाण म्हणजे मिरकरवाडा बंदर. मासेमारी नौकांमध्ये अशोक लेलँडची, ट्रकच्याच घराण्यातली डिझेल इंजिनं बसतात. त्यांना सागरी गिअर जोडायचा, त्यापुढे शाफ्ट आणि शेवटी पंखा. इंजिनाचे फेरे कमी करून पंख्याला द्यायचे आणि पुढे-मागे अशा दोन्ही दिशा द्यायच्या, एवढंच त्या गिअरचं काम. पण जोडणीत कस लागतो. दोन कपलिंगच्या तोंडांमध्ये फिलर गेज घालून चारी बाजूंनी फट बघतात, आणि हे काम नौका पाण्यात उतरल्यावर पुन्हा करावं लागतं, कारण किनाऱ्यावर आधाराने उभी असताना सांगाड्याचा आकार वेगळा असतो, तरंगताना वेगळा. केसभर फरक राहिला तर बेअरिंग आणि ऑइल सील वर्षभर टिकत नाहीत. मोटारीत ऑटोमॅटिक बसवणाऱ्याला नेमकी हीच शिस्त लागते.

मुळात ऑटोमॅटिकचं काळीज जहाजातूनच आलं आहे. जर्मनीत श्टेटीनच्या व्हल्कन गोदीत हेर्मान फ्योटिंगर यांच्यापुढे पेच होता: वाफेचं टर्बाइन प्रचंड वेगाने फिरतं, पंखा मात्र संथ फिरला तरच पाणी नीट ढकलतो. दोघांमध्ये दाते न ठेवता नुसता द्रव ठेवून त्यांनी वाट काढली आणि 1905 साली पेटंट घेतलं. एक चक्र द्रव फेकतं, समोरचं चक्र त्या झोताने फिरतं आणि मधलं स्थिर चक्र परतणाऱ्या द्रवाला वळण देऊन जोर वाढवतं. हाच टॉर्क कन्व्हर्टर. जहाजांमध्ये पुढे चांगले दातेरी गिअर आले आणि तो मागे पडला; मोटारीत मात्र 1948 च्या ब्यूक डायनाफ्लोपासून त्याने घर केलं.

परक्या घरचा गिअर आपल्या गाडीत येणं महाराष्ट्राला नवं नाही. मुंबईच्या प्रीमियर कंपनीने 1985 च्या सुमारास आणलेल्या 118 एनई गाडीची बॉडी फियाट 124 ची होती, तर 1,171 सीसीचं इंजिन आणि गिअरबॉक्स निस्सानचे. कारखान्यात ड्रॉइंग काढून केलेला संकर होता तो, म्हणून रस्त्यावर टिकला. आणि गिअरचा खटका व क्लच यंत्राच्या हाती देणारी एएमटी सामान्य ग्राहकाला परवडू लागली ती 2014 च्या मारुती सेलेरिओपासून. पण एएमटी ही साध्याच गिअरबॉक्सवर चढवलेली यंत्रणा. इथे चर्चा आहे ती कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकची.

आता निवड. आज सगळ्यांचा ओढा झेडएफच्या आठ गतींच्या 8एचपी गिअरबॉक्सकडे असतो. 2009 साली बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाडीत तो आला आणि त्याची कीर्ती रास्त आहे. पण आकडेमोड करून बघा. ई-टाइपचा मागचा डिफरन्शियल 3.54 चा धरला आणि चाकाचा घेर दोन मीटरहून थोडा जास्त, तर ताशी 100 किलोमीटरला मूळच्या थेट चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण 2,850 फेरे घेतं. 8एचपीच्या आठव्या गिअरचं प्रमाण 0.67; फेरे येतात 1,900. जनरल मोटर्सचा 1982 पासूनचा चार गतींचा 700आर4 घ्या. त्याचा चौथा 0.70, फेरे 2,000. शंभर फेऱ्यांच्या फरकासाठी आठ गतींचा खटाटोप करावा असं मला वाटत नाही. पहिल्या गिअरचा फरक मोठा आहे, 4.70 विरुद्ध 3.06. पण हलक्या स्पोर्ट्स कारला आणि जग्वारच्या कमी फेऱ्यांतच जोर देणाऱ्या इंजिनाला 3.06 पुरेसा होतो.

शिवाय 8एचपीचा मेंदू गिअरबॉक्सच्या पोटातच, तेलात असतो आणि त्याला सतत इंजिनाच्या संगणकाशी बोलायचं असतं. जुन्या गाडीत संगणक कुठला? मग वेगळा कंट्रोलर, एसयू कार्ब्युरेटरच्या दांड्यावर सेन्सर, तारांचं जाळं. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हे कनेक्टर हिरवे पडायला वेळ लागत नाही. 700आर4 चे गिअर तेलाच्या दाबावर बदलतात. त्याला कार्ब्युरेटरपासून एक केबल लागते. ती मात्र तंतोतंत लावावी लागते. सैल राहिली तर दाब कमी पडतो आणि आतल्या क्लचप्लेटा थोड्याच दिवसांत जळतात. कुठलाही घ्या, पण आधी पुठ्ठ्याचा नाहीतर थर्माकोलचा हुबेहूब आकार करून टनेलमध्ये घालून बघा. मावला नाही तर तो गिअरबॉक्स आपला नव्हे.

बसवताना सगळ्यात नाजूक क्षण कन्व्हर्टरचा. फ्लायव्हील काढून त्या जागी पातळ फ्लेक्सप्लेट लागते, इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये अडॅप्टर प्लेट येते. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढवताना हळूहळू फिरवत आत ढकलावा लागतो. तो टप्प्याटप्प्याने, हाताला खट-खट जाणवत, आत बसतो. शेवटचा टप्पा तेलपंपाच्या खाचेचा. तो चुकला तरी बाहेरून सगळं ठीक दिसतं. मात्र बोल्ट आवळताच पंप फुटतो. म्हणून दोन्ही घरं टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो का आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत थोडी फट उरते का, हे बघितल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. पुढे प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीचा करून बॅलन्स करून घ्यायचा. मूळ शाफ्ट कापायचा नाही, दुसरा बनवायचा.

मग रस्ता. हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे, साखरपा आणि पुढे आंबा घाट. ट्रकमागे रखडत चढताना कन्व्हर्टर लॉक होत नाही, आतला द्रव घुसळत राहतो आणि सगळी उष्णता तेलात उतरते. वेगळा ऑइल कूलर आणि तेलाच्या तापमानाचा काटा इथे चैन नाही. काटा 120 अंशांच्या पुढे गेला तर गाडी कडेला घेऊन न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवावं. उतरताना ‘डी’ सोडून हाताने खालचा गिअर घ्यावाच, नाहीतर सगळा भार जुन्या ब्रेकवर येतो.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की आरसीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायची वाट मात्र कायद्यानेच, मंजुरी घेऊन, खुली ठेवली आहे. आरसीत गिअरबॉक्सचा रकाना नसतो, हे खरं. पण तेवढ्यावर विसंबू नये. टनेल कापणं हा बॉडीच्या रचनेतला बदल ठरू शकतो.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी जुलै 2021 मध्ये वेगळे नियम आले. ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000, मुदत दहा वर्षं. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. या नोंदणीवर गाडी रोज फिरवताही येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे रोज घाट चढणारी गाडी हवी की ‘व्हीए’ची पाटी, हे आधी ठरवावं. जागतिक स्तरावर फिवा या संघटनेच्या 2012 च्या तुरिन सनदेनेही जुन्या वाहनांत केलेले बदल परतवता यावेत असाच आग्रह धरला आहे.

त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी एमएच-08 च्या आरटीओ कार्यालयाला लेखी विचारावं आणि उत्तर फाइलला लावावं. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढावेत. काढलेला मूळ गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच, शाफ्ट आणि पेडल एकत्र ठेवावीत. गिअरबॉक्समध्ये तेल काठोकाठ भरून भोकं बुचांनी बंद करावीत, उघड्या शाफ्टला ग्रीस फासावं, आणि हे सगळं जमिनीवर नव्हे तर माळ्यावर, पावसाळ्यात ओल न पोचणाऱ्या जागी ठेवून वर गाडीचा चासी नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधावी.