वरचा दोरा, खालचा दोरा

बुऱ्हाणपूरला कापडाची ओळख करून द्यायची गरज कधीच पडली नाही. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये सतराव्या शतकात इथून गेला, तेव्हा इथलं तलम आणि जरीचं कापड इराण, तुर्कस्तान, अगदी पोलंडपर्यंत जात असल्याचं त्यानं नोंदवून ठेवलं. पुढे लालबागला ताप्ती मिल आली, मोमीन विणकरांच्या मोहल्ल्यांत यंत्रमाग आले. पण ही सगळी विणण्याची गोष्ट. शिवण्याचं प्रकरण निराळं. साडी, धोतर, उपरणं, पागोटं मागावरून उतरलं की थेट अंगावर. सिंगर कंपनीचा हिंदुस्थानातला कारभार बरीच वर्षं मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल यांच्याकडे होता. त्यांच्यापुढची पहिली अडचण हीच होती, की ज्या देशात बहुतेकांचं वस्त्र शिवावंच लागत नाही तिथं शिलाई मशीन विकायचं कुणाला?

गिऱ्हाईक मिळालं ते शिंप्यांत. कोट, सदरा, पोलकं, शाळेचा गणवेश, पोलिसांचा पोशाख अंगावर येत गेले तशी मशीनला कामं मिळत गेली. त्यात हप्त्यांची सोय होती; अमेरिकेत सिंगरनं ती १८५०च्या दशकातच सुरू केली होती. मुंबईहून भुसावळ, बुऱ्हाणपूर, खांडव्यावरून जाणारा रेल्वेमार्ग १८७० मध्ये जबलपूरला पुढच्या रुळांशी जोडला गेला, आणि बिडाचं जड यंत्र बैलगाडीच्या हिसक्यांशिवाय आतल्या गावांत पोचणं शक्य झालं. बुऱ्हाणपुरात आणखी एक गिऱ्हाईक होतं. दर्गाह-ए-हकीमीमुळे हे गाव बोहरा समाजाचं मोठं श्रद्धास्थान आहे, आणि बोहरा बायकांचा रिदा म्हणजे लेस, पट्ट्या आणि टिपांचंच काम. वाकड्या नक्षीवरून सावकाश टीप मारायची तर हातमशीनसारखं दुसरं साधन नाही. उजवा हात चाकावर, डावा कापडावर; एकेक टाका मनाजोगता पडतो.

जुन्या मशीनचं कौतुक करताना लोक आधी सोनेरी नक्षीकडे बघतात. माझ्या मते सुरुवात सुईपासून करावी. हातशिलाईत एकच दोरा असतो आणि प्रत्येक टाक्याला अख्खी सुई पलीकडे ओढावी लागते. मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी. ही सुई आणि खालून दुसरा दोरा देणारं शटल या जोडीचं पेटंट एलियास हाउनं १८४६ मध्ये घेतलं. आयझॅक सिंगरनं १८५१ मध्ये सुई उभी केली, कापड आडव्या पाटावर घेतलं आणि चालवायला पायटा दिला. सुई कापडात शिरून किंचित वर उचलली की वरच्या दोऱ्याचा बारीक फासा सुटतो. त्या फाशातून शटल पार होतं आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीतच एकमेकांना धरतात. टेन्शन बरोबर असेल तर ही गाठ वरूनही दिसत नाही आणि खालूनही नाही. वरचा दोरा जास्त आवळला तर खालचा वर डोकावतो. जुनं मशीन पारखायचं तर दोन रंगांचे दोरे घालून वीतभर टीप मारावी, बाकीची बडबड नंतर.

सिंगरच्या २७ आणि २८ या जातींत हे शटल बंदुकीच्या गोळीसारखं लांबट असतं. आत खालच्या दोऱ्याचं लांब, काडीसारखं बॉबिन, आणि ते शटल कमानीत मागेपुढे झोके घेतं. आवाजही वेगळा येतो. १५ या जातीत गोल बॉबिन आणि डबी. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची काळी उषा आणि लुधियान्याच्या कारखान्यांतून निघालेली असंख्य काळी मशीनं याच १५च्या वळणाची. त्यामुळे शंभरीला आलेल्या सिंगरलाही लुधियान्याची डबी बसू शकते. लांबट शटलवालीची सुई आजही मिळते, पण शटल हरवलं की ती माळ्यावर जाते. दिसायला देखणी तीच, आणि मरतेही आधी तीच.

वय काढायचं तर पाटावरचा नंबर बघावा. आपल्याकडच्या पुष्कळ सिंगर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबॉवी कारखान्यातल्या. १५के मधला ‘के’ त्याच किलबॉवीचा. १९०० पासून नंबराच्या आधी इंग्रजी अक्षर येऊ लागलं, म्हणून नुसते आकडे असतील तर यंत्र बहुधा एकोणिसाव्या शतकातलं. १९१३ मध्ये या एका कारखान्यातून तेरा लाखांच्या आसपास मशीनं बाहेर पडली. तेव्हा ‘आमची फार दुर्मीळ आहे’ असं सांगणाऱ्याला बसायला पाट द्यावा, जास्त पैसे देऊ नयेत.

यंत्रांबद्दल इतकं कडक बोलणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या मशीनला आपल्या आक्षेपातून वगळलं होतं. बायकोचे शिवणाचे कष्ट बघून, प्रेमापोटी सिंगरनं ते घडवलं असं त्यांचं म्हणणं. खऱ्या सिंगरचं घरगुती चरित्र पाहता ही समजूत फारच उदार वाटते. यंत्राबद्दलचा निवाडा मात्र पटतो: ते एका माणसाच्या हातात राहतं, त्याच्याच घरात.

हल्ली या मशीनांवर दोन संकटं आहेत. एक अफवेचं. २००९ मध्ये सौदी अरेबियात जुन्या सिंगरच्या सुईत ‘लाल पारा’ नावाचा मौल्यवान पदार्थ असल्याची आवई उठली आणि भंगारातल्या मशीनांना अफाट भाव आला. पारा अर्थातच कुठंच नव्हता. दुसरं संकट शोभेचं. लंडनच्या ऑलसेंट्स या कपड्यांच्या कंपनीनं आपल्या दुकानांच्या काचेमागे जुन्या मशीनांच्या रांगा लावल्या, आणि आपल्याकडे बिडाच्या पायांवर काच टाकून कॅफेची टेबलं होतात. पाय वाचतात, डोकं भंगारात जातं. मला हे जतन वाटत नाही.

त्यापेक्षा जिच्या पाटावरची नक्षी कापडाच्या घासण्यानं उडालेली आहे ती मशीन घ्यावी. ती चालत होती याचा तोच दाखला. नक्षी उरली असेल तर तिला स्पिरिट लावू नये, वरचा लाखेचा थर विरघळतो. कापड सरकवणाऱ्या दातांखाली साचलेला कापसाचा भुसा आधी काढावा. यंत्रमागांच्या गावात तो भरपूर असतो. जाम झालेली मशीन बहुतेकदा मेलेली नसते, जुनं तेल चिकट होऊन बसलेलं असतं. सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडून रात्रभर ठेवावी, पुसावी, मग पातळ मशीन-तेल द्यावं. खोबरेल कधीच नाही. थंडीत ते थिजतं, आणि चाक फिरेना म्हणून लोक जोर लावतात.