दसऱ्याचा नीलकंठ आणि पैनगंगेचा काठ

आश्विन उजाडला की नद्यांचे गढूळ पाणी निवळते, आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते आणि काठाकाठाने नवे पाहुणे उतरू लागतात. आपल्याकडे समुद्रकाठी हा बदल चिखलात टिपणाऱ्या तुतवारांवरून कळतो, तर देशावर तो परटासारखी शेपटी आपटत चालणाऱ्या धोब्यावरून कळतो. पूर्वसूरींनी शरद ऋतूचे जे कौतुक केले, त्यात चांदण्याइतकाच पक्ष्यांचाही वाटा आहे. पक्षिनिरीक्षणाचा छंद इंग्रजांनी आणला, असे सरसकट म्हटले जाते. पण सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केवळ खंजन पक्ष्याच्या दर्शनावर एक स्वतंत्र अध्याय आहे, हे विसरून चालणार नाही.

या शारदीय पक्षिदर्शनाची एक परंपरा आजही जिवंत आहे, आणि ती पाहण्यासाठी गोव्या-कोकणापासून दूर, तेलंगणाच्या उत्तर टोकावरील आदिलाबाद जिल्ह्याकडे वळले पाहिजे. हा मुलूख मराठी वाचकाला परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आजच्या नांदेड जिल्ह्यातील किनवट आणि आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा हे दोन्ही तालुके आदिलाबादमध्येच मोडत होते. पैनगंगा ही आज दोन राज्यांची सीमा असली, तरी तिच्या दोन्ही तीरांवर मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा ऐकू येतात. ही नदी पुढे वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि प्राणहिता कालेश्वर येथे गोदावरीत विसर्जित होते. नद्यांच्या या जाळ्यात सागवानाचे अरण्य, कापसाची व ज्वारीची शेते, पाझर तलाव आणि वाळूचे विस्तीर्ण पट्टे असल्यामुळे हा प्रदेश पक्ष्यांना मोठा आसरा आहे. कडेम नदीच्या खोऱ्यातील कव्वालच्या अरण्याला २०१२ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेव्हा हा सारा भाग जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता.

योगायोग असा, की या जिल्ह्याचे आजचे रूपही दसऱ्यालाच जन्माला आले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, तेलंगणा सरकारने नवे जिल्हे अस्तित्वात आणले आणि जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व कुमरम भीम आसिफाबाद असे चार भाग झाले. त्याआधी, २०१४ साली, नव्या राज्याने आपली मानचिन्हे ठरविली, तीही जणू आश्विन महिन्याच्या पंचांगातून निवडावी तशी. राज्यवृक्ष जम्मी म्हणजे आपली शमी; राज्यपुष्प तंगेडू म्हणजे आपला पिवळाधमक तरवड, ज्याच्या फुलांवाचून तेथील बतुकम्मा सजत नाही; आणि राज्यपक्षी पालपिट्ट म्हणजे आपला नीलकंठ.

दर्शनाचा दिवस

तेलंगणात दसऱ्याच्या दिवशी गावाबाहेर जाऊन पालपिट्टाचे दर्शन घेण्याची चाल आहे. अज्ञातवास संपवून शमीवरची शस्त्रे उतरविणाऱ्या पांडवांना हा पक्षी दिसला, अशी तेथील लोककथा आहे. उत्तरेकडे हेच दर्शन रामाच्या विजयाशी जोडले जाते. कथा कोणतीही असो, तिच्यामागे निरीक्षण मात्र खरे आहे. पावसाळा सरल्यावर हा पक्षी उघड्या माळावर आणि शेतांच्या कडेला अधिक ठळकपणे दिसू लागतो. खरिपाची पिके कापणीला येतात, नाकतोडे, रातकिडे, भुंगेरे यांचा सुकाळ होतो आणि तारेवर किंवा वाळक्या फांदीवर बसून जमिनीवर झडप घालणाऱ्या या शिकाऱ्याला ते दिवस पर्वणीचे असतात. शेतकऱ्याच्या शिवारात याच दिवसांत त्याचे येणे, म्हणजे कीड वेचणारा बिनपगारी गडी कामावर रुजू होणे होय. अशा पक्ष्याला शुभ मानणाऱ्या पूर्वजांच्या शेतीज्ञानाला दाद दिली पाहिजे.

संस्कृतात याचे नाव चाष. मराठीतली चास आणि तास ही नावे त्याच घराण्यातली. नीलकंठ हे नाव भक्तीतून आले असावे, कारण पक्षी नीट न्याहाळला तर त्याचा कंठ निळा नाहीच. गळा व छाती तांबूस तपकिरी असून त्यावर फिकट रेघा असतात. बसलेला असताना तो काहीसा मळकटच वाटतो. त्याचे वैभव उघडते ते पंख उघडल्यावर. गडद निळा आणि आकाशी अशा पट्ट्यांचा तो झगझगाट एकदा पाहिलेला मनुष्य सहसा विसरत नाही. विणीच्या हंगामात नर उंच चढतो आणि कोलांट्या घेत, कर्कश ओरडत खाली येतो. म्हणजे ज्या दर्शनासाठी गावेच्या गावे शिवाराकडे निघतात, ते दर्शन मुळात उडणाऱ्या पक्ष्याचे आहे. बसलेला नीलकंठ हे अर्धेच दर्शन होय.

श्रद्धेचा बाजार

आणि नेमकी येथेच खेदाची गोष्ट सांगणे भाग आहे. शहरे वाढली, शिवारे दूर गेली, आणि दर्शनासाठी पहाटे दोन कोस चालण्याची तयारीही उरली नाही. मग देवळाच्या दारात पिंजरा आला. दसऱ्याच्या आधी काही दिवस नीलकंठ जाळ्यात पकडावयाचे, उडू नयेत म्हणून त्यांचे पंख कातरावयाचे किंवा चिकटवावयाचे, पाय बांधावयाचे आणि गर्दीत दहा-वीस रुपये घेऊन त्यांचे 'दर्शन' घडवावयाचे, असा धंदा हैदराबादसह अनेक शहरांत चालत आला आहे. वनखात्याचे अधिकारी व पक्षिप्रेमी दरवर्षी असे पक्षी सोडवतात. परंतु जिवंत किडे टिपून जगणारा हा पक्षी पिंजऱ्यात धड खात नाही, आणि सोडवल्यानंतरही कातरलेली पिसे पुन्हा उगवेपर्यंत त्याला आकाश बंदच असते. कित्येक पक्षी सणाचा दिवस मावळण्यापूर्वीच प्राण सोडतात.

वन्य पक्षी पकडणे व बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. या पक्ष्यापुरते बोलावयाचे, तर कायद्याचा इतिहास याहूनही जुना आहे. युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांवर खोवण्यासाठी भारतातून नीलकंठाच्या पिसांची मोठी निर्यात होत असे, आणि तिला आळा घालण्यासाठी ब्रिटिश सरकारला १८८७ साली आणि पुन्हा १९१२ साली कायदे करावे लागले. परकीयांच्या फॅशनपासून जो पक्षी वाचला, तो स्वकीयांच्या श्रद्धेपायी मरावा, यापरता दैवदुर्विलास कोणता?

येथे कोणी म्हणेल, की ही रूढी धार्मिक आहे आणि बाहेरच्यांनी तिच्यात हात घालू नये. या आक्षेपाचे उत्तर धर्माच्याच भाषेत देता येते. संस्कृतात शकुन या शब्दाचा मूळ अर्थच पक्षी असा आहे. पक्षी आपणहून, आपल्या मर्जीने, कोणत्या दिशेने आला, कोठे बसला, यावरून शुभाशुभ वाचण्याची ती विद्या. वराहमिहिराचा अध्याय तरी दुसरे काय सांगतो? खंजन कोणत्या जागी बसलेला दिसला, यावर त्याचे सारे फलित अवलंबून आहे. जो पक्षी दोरीने बांधून आणला, तो कोठूनही आलेला नाही आणि कोठेही जाणार नाही. मग तो शकुन कशाचा? पिंजऱ्यातला नीलकंठ दाखविणे हा शास्त्राच्या दृष्टीनेही खोटा शकुन आहे. विकत घेतलेल्या दर्शनात भाविकाचे पुण्य साधत नाही, पकडणाऱ्याचा नफा तेवढा साधतो.

काही सहृदय लोक पैसे देऊन पक्षी सोडवितात. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, परंतु परिणाम उलटा होतो. सोडविण्यासाठी दिलेली किंमत ही पुढच्या वर्षीच्या जाळ्याची आगाऊ रक्कम असते. मागणी संपल्याखेरीज पकड थांबणार नाही.

मोजदादीचे मोल

नीलकंठ तर सगळीकडे दिसतो, एवढ्याशा पकडीने काय होणार, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर आकड्यांनी द्यावे लागेल. २०२३ साली देशातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटींवर नोंदींवर तो उभा आहे. त्यानुसार नीलकंठाच्या संख्येत सुमारे बारा वर्षांत तीस टक्क्यांच्या आसपास घट आढळली असून, जागतिक धोका-यादीत त्याच्या स्थानाचा फेरविचार व्हावा, अशी शिफारस केली गेली आहे. या घटीचे कारण एकटा पिंजरा नव्हे. कीटकनाशकांनी शेतातले किडे संपतात, माळराने नांगराखाली जातात, आणि ज्या जुन्या झाडांच्या ढोलीत तो अंडी घालतो ती झाडे तोडली जातात. परंतु आधीच उतरणीला लागलेल्या पक्ष्याला सणाच्या नावाने धक्का देण्याचे कारण नाही.

या नोंदी करणारे तीस हजार लोक कोणी मोठे शास्त्रज्ञ नव्हेत. शिक्षक, विद्यार्थी, कारकून, निवृत्त मंडळी अशी ही माणसे आहेत. या वाटेचा पाया ज्यांनी घातला, त्या डॉ. सालिम अली यांचे नाव गोव्यात चोडण बेटावरील अभयारण्यामुळे घरोघरी पोचले आहे. त्यांच्या प्रादेशिक पाहण्यांतील पहिली मोठी पाहणी १९३१-३२ मध्ये झाली ती निजामाच्या हैदराबाद संस्थानातच, आणि आदिलाबाद हा त्याच संस्थानाचा जिल्हा होता. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिचे निष्कर्ष १९३३-३४ मध्ये छापले गेले. आजच्या घटीचे माप घेता येते, ते अशा जुन्या वह्या जपल्या गेल्या म्हणूनच.

मोजदाद केली आणि कारण शोधले, तर उपाय सापडतो, याचे उदाहरणही याच मुलखात आहे. १९९० नंतरच्या दशकात देशातील गिधाडे अशी नाहीशी झाली, की लांब चोचीच्या गिधाडांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांचे मूत्रपिंड निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले, आणि २००६ साली सरकारने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. जुन्या आदिलाबादमधील बेज्जूरच्या जंगलात पालारापू नावाच्या कड्यावर २०१३ साली लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत आढळली, तेव्हा सर्वांना सुखद धक्का बसला. आपल्या रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या लोकांनीही गिधाडांची घरटी अशीच जपली आहेत. जटायूचे नाव घेणाऱ्या समाजाला जटायूचे वंशज वाचविता येतात, हे या दोन्ही ठिकाणी दिसले. युरोपात नीलकंठाच्या सख्ख्या भावंडाची हीच कथा आहे. झाडांच्या ढोल्या कमी पडल्या, तेव्हा हंगेरीसारख्या देशांत लाकडी पेट्या टांगून त्याला घरटी दिली गेली, आणि २०१५ साली त्या जातीचे नाव धोक्याच्या छायेतील यादीतून खाली उतरले.

पिसांची दुसरी रीत

परंपरा टिकवायची आणि जीवही राखायचा, हे शक्य आहे का? आदिलाबादच्याच राज गोंडांकडे पाहावे. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या गावांत दंडारीचा उत्सव होतो आणि गुसाडी नर्तक डोक्यावर मोरपिसांचे भव्य मुकुट चढवून नाचतात. या नृत्याचे गुरू कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले; २०२४ च्या ऑक्टोबरात ते निवर्तले. मोर आपली पिसे पावसाळ्याच्या अखेरीस आपणहून गाळतो, आणि अशी गळलेली पिसे बाळगण्यास देशात कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे पक्ष्याने जे सोडले ते वेचून उत्सव साजरा करण्याची वाट मोकळी आहे. नीलकंठाच्या बाबतीत तर पीसही लागत नाही, लागते ती फक्त नजर.

तेव्हा करावयाचे काय? देवस्थानांच्या समित्यांनी आवारात पिंजरा येऊ देऊ नये. वनखात्याने दसऱ्याच्या दिवशी छापा घालण्यापेक्षा आठ दिवस आधी जाळी गाठावीत. ज्यांना पक्षी कोठे बसतो, केव्हा उतरतो, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या फासेपारध्यांच्या ज्ञानाला वाटाड्याच्या कामाची रोजी मिळाली, तर जाळ्याची गरज त्यांनाही उरणार नाही. आणि सर्वांत सोपे काम भाविकांचे. शाळांनी, मंडळांनी, घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलांना घेऊन त्या दिवशी सकाळी नदीकडे जावे. पैनगंगेच्या काठी जे शक्य आहे, ते मांडवीच्या, तेरेखोलच्या, सावित्रीच्या काठीही शक्य आहे. भात कापणीला आलेले असते, विजेच्या तारा शेतावरून गेलेल्या असतात, आणि त्यावर कोठेतरी तो मान खाली घालून बसलेला असतो.

दिसला तर सण साजरा झाला. न दिसला, तर का दिसला नाही, हा प्रश्न घेऊन घरी यावे. आपट्याची पाने सोने म्हणून वाटताना मुलांना सांगण्यासारखे ते एक खरे सोने असेल. सीमोल्लंघन म्हणजे गावाची वेस ओलांडणे. आज ती ओलांडून मोकळ्या आकाशातील एक पक्षी पाहून येणे, एवढेच आपल्याकडे मागितले जात आहे.