अ‍ॅडमिनवरही पहारा

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या गेटवे टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनरची कामे हाताने करायची वेळ आली. हे टर्मिनल चालवणाऱ्या डेन्मार्कच्या मर्स्क समूहाच्या जगभरच्या जाळ्यात ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम शिरला होता.

त्याची वाट नीट पाहायला हवी. युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून तो आला. कुणी संशयास्पद मेल उघडायची गरजच पडली नाही. पुढे पसरायला विंडोजमधली एक त्रुटी कामी आली. तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण ती बसवलेले संगणकही सुरक्षित नव्हते. एखाद्या संगणकाच्या मेमरीत अ‍ॅडमिनचा पासवर्ड सापडला, की तो वापरून नॉटपेट्या शेजारच्या संगणकात रीतसर लॉग-इन करायचा! मर्स्कमध्ये वापरकर्त्यांची आणि त्यांच्या अधिकारांची नोंद ठेवणारे सर्व्हर एकमेकांचे बॅकअप होते. तेही एकदमच पुसले गेले. घानातला एक तेवढा वाचला, कारण तिथे वीज गेली होती. त्यानंतर दहा दिवसांत ४५ हजार संगणक नव्याने उभारावे लागले.

सुरक्षेचा प्रत्येक थर आधीचा थर फुटला आहे असे धरूनच रचावा लागतो, तो यासाठी. माझ्या मते त्यातला सर्वांत मोलाचा थर अ‍ॅडमिनच्याच अधिकारांना वेसण घालणारा आहे. विंडोज १०मधले ‘क्रेडेन्शियल गार्ड’ लॉग-इनची गुपिते मुख्य प्रणालीपासून अलग कप्प्यात ठेवते. मॅकवर २०१५पासून अ‍ॅडमिनलाही प्रणालीच्या मूळ फायलींना हात लावता येत नाही. लिनक्समध्ये ‘एसईलिनक्स’ रूटला, म्हणजे तिथल्या अ‍ॅडमिनलाही, नियमांनी बांधू शकते. अँड्रॉइडने तर प्रत्येक अ‍ॅपला वेगळा वापरकर्ताच मानले आहे, त्यामुळे एका अ‍ॅपला दुसऱ्याची खासगी माहिती सहजी दिसत नाही.

‘मॅक-लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हा समज मात्र घातक आहे. लिनक्सच्या एक्सझेड या साधनात पेरलेला चोरदरवाजा मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघड केला, तोही लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा माग काढताना.

घरचा संगणक कोणताही असो, रोजच्या कामाला साधे खाते वापरावे. अ‍ॅडमिनचे खाते वेगळे ठेवावे. बॅकअपची डिस्क काम होताच काढून ठेवावी; जोडलेली राहिली, तर हल्ल्यात मूळ फायलींबरोबर तीही जाईल.