वीज पाणी हलवते, काळीची तहान भागवत नाही

जुन्या वऱ्हाडाचा नेम साधा होता. पेरायचं काळीत, राहायचं पांढरीवर. आता गावं रस्त्याच्या कडेनं वाढत गेली आणि घरं काळीत उतरली. दारव्हा तालुक्यात, अडाण नदीच्या काठच्या बोरी अरबच्या आसपास हीच काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगून वर येते. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा तडा ही तिचीच खूण. म्हणून मातीत वीज सोडून ती घट्ट करता येते असं कानावर आलं की घरमालकाच्या मनात आशा जागते. ते तंत्र खरं आहे. त्याभोवतीचे समज मात्र बरेचसे चुकीचे आहेत.

वीज माती तापवून सुकवते, हा पहिला समज. तसं नाही. थोडी ऊब येते, पण ती वाया गेलेली वीज. चिकणमातीच्या कणाच्या अंगावर ऋण भार असतो आणि त्याला बिलगून पाण्यातले सोडियम, कॅल्शियमचे धन भाराचे आयन असतात. मातीत दोन सळ्या रोवून एकाच दिशेनं वाहणारा डी.सी. प्रवाह सोडला की हे आयन ऋण सळईकडे निघतात आणि जाताना भोवतालचं पाणी ओढत नेतात. तिथं भोकं पाडलेली नळी ठेवून पाणी उपसायचं. यालाच इलेक्ट्रो-ऑस्मोसिस म्हणतात.

घरी पाहायचं असेल तर पेलाभर चिकणमातीचा दाट चिखल करा. त्यात चार-पाच सेंटीमीटर अंतरावर दोन खिळे खोचा आणि 9 व्होल्टची छोटी बॅटरी जोडा. काही तासांत ऋण खिळ्याभोवती पाणी साचू लागतं, धन खिळ्याजवळची माती आकसते. धन खिळा गंजून झिजतो. प्रत्यक्ष कामावरही धन बाजूच्या लोखंडी सळ्या अशाच खर्ची पडतात. घरातल्या प्लगची वायर मात्र ओल्या मातीत कधीही सोडू नका. तो ए.सी. प्रवाह क्षणोक्षणी दिशा बदलतो, त्यामुळे पाणी कुठंच जात नाही. जीव मात्र जातो.

हा शोध नवा आहे असंही लोक धरून चालतात. एफ. एफ. रॉयस यांनी 1809 मध्ये मॉस्कोत तो मांडला होता. लिओ कासाग्रांडे यांनी 1939 मध्ये जर्मनीतल्या झाल्त्सगिटर इथं रेल्वेसाठी खोदलेल्या चरात तो वापरला.

कुठल्याही मातीला हे लागू पडतं का? नाही. घट्ट चिकणमातीत पाणी आपल्या ओढीनं वर्षाला तीनेक सेंटीमीटरच सरकतं. दर सेंटीमीटरला अर्धा व्होल्ट दिला तर ते दिवसाला दोनेक सेंटीमीटर सरकतं. हा फरक मोठा आहे. वाळूत मात्र पाणी आपणहून दिवसाला कित्येक मीटर जातं, तिथं साधा पंप पुरतो. नवी मुंबईतल्या खाडीच्या गाळातही मुख्यतः उभ्या निचरा-पट्ट्या रोवून वर भराव टाकायची रीत आहे. ती स्वस्त पडते.

आता काळीचं. वीज तिच्यातलं आजचं पाणी काढेल, पण तिची पाणी पिण्याची ओढ जाणार नाही. ती ओढ तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाची आहे. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते. मृगाचा पाऊस आला की सुकवलेली काळी पुन्हा पिते, पुन्हा फुगते. खाडीचा गाळ मऊ असतो, काळीचा त्रास वेगळा. उन्हाळ्यात ती दगडासारखी असते आणि पावसात फुगते, तोच तिचा धोका. त्यामुळे बोरी अरबमधल्या घरासाठी या तंत्रावर पैसा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काळीसाठी आपल्याच देशात चांगले उपाय निघालेले आहेत. मुंबईच्या आयआयटीतल्या डॉ. आर. के. कट्टी यांनी पायाखाली न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर देण्याची पद्धत रुजवली. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अंडररीम पाइल घडवला. तळाशी फुगवटा असलेला हा खांब ऋतूप्रमाणे ओल बदलणाऱ्या थराखाली, साधारण साडेतीन मीटर खोल टेकवतात. रस्त्याखालच्या काळीत चुना मिसळतात. पागोळ्यांचं पाणी पायापासून लांब नेणं हे तर कुणालाही जमतं.

पाया खणण्याआधी मातीची फुगवटा चाचणी करून घ्या. वाळवून चाळलेली 10 ग्रॅम माती एका नळकांड्यात पाण्यात टाकतात, तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. 24 तासांनी दोन्हींतली माती मोजतात. पाण्यातली रॉकेलमधल्यापेक्षा दीडपटीहून जास्त भरली, तर नेहमीचा उथळ पाया घालू नका.