तारेला लग बसविण्याची पक्कड : निवड व वापर

शाळेतील पंखा असो की पाण्याचा पंप, विजेची तार जेथे जोडली जाते तेथेच दोष उद्भवण्याचा संभव अधिक असतो. जोडणीसाठी तारेच्या टोकावर धातूची जी लहान नळी दाबून बसवितात, तिला कारागीर ‘लग’ म्हणतात. लग सैल बसला तर सांध्याचा रोध वाढतो व तेथे उष्णता उत्पन्न होते. प्रवाह १० अँपिअर आणि रोध केवळ ०.१ ओहम असला तरी त्या एवढ्याशा जागेत १० वॅट उष्णता निर्माण होते. तिने तांबे काळवंडते, रोध आणखी वाढतो आणि अखेर तारेचे आवरण जळू लागते.

पुष्कळ ठिकाणी साध्या पकडीने अथवा हातोडीने लग चेपतात. तो बाहेरून घट्ट दिसतो. परंतु आतील बारीक तारांत पोकळी राहते. यास्तव क्रिम्पिंगची पक्कडच वापरावी. तिच्या जबड्यांतील खाचा लगच्या मापाच्या असतात. तीतही रॅचेटची पक्कड श्रेयस्कर होय. कारण पुरता दाब बसल्याखेरीज तिची मूठ उघडत नाही, म्हणून नवशिक्याच्या हातूनही लग अर्धवट दाबला जात नाही.

आवरण असलेल्या लगांचे माप रंगावरून ओळखावे. तांबडा ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५ आणि पिवळा ४ ते ६ चौरस मिलिमीटर तारेसाठी असतो. उघड्या लगांकरिता निराळे जबडे लागतात.

प्रथम वीजपुरवठा बंद करावा. नळीच्या लांबीहून किंचित अधिक आवरण सोलावे. आतील एकही बारीक तार तुटू देऊ नये. टोकास डाख देऊ नये. दाबाखाली डाख हळूहळू सरकतो व सांधा सैल होतो. तारेची टोके नळीपलीकडे सुमारे १ मिलिमीटर दिसावीत. मग योग्य खाचेत धरून मूठ पूर्ण आवळावी.

शेवटी लग हाताने जोराने ओढून पाहावा. तो हलला किंवा निसटला तर पुन्हा न चेपता कापून टाकावा आणि नवा बसवावा.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून हा सराव सुट्या तारांच्या तुकड्यांवरच करवून घ्यावा. शाळेच्या वीजजोडणीचे काम परवानाधारक तारतंत्र्याकडेच सोपवावे. मात्र ते पूर्ण झाल्यावर प्रत्येक लग ओढून पाहिला आहे ना, याची मुख्याध्यापकांनी खात्री करून घ्यावी.