भूल न चढलेली दाढ

मसालेभातासाठी तेलात लवंगा पडल्या की आमच्या घरात सगळ्यांना भूक लागायची. मला मात्र तळहातांना घाम फुटायचा. कितीतरी वर्षं मी याचं कारण कुणाला सांगितलं नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हतं.

नऊ वर्षांची होते. खालची दाढ किडली होती, गाल सुजून टम्म झाला होता. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात बाबा घेऊन गेले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, थोडा वेळ थांबले आणि दाढेला चिमटा लावला. मी किंचाळले. दुखतंय म्हणाले. ते म्हणाले, इंजेक्शन दिलंय, आता दुखूच शकत नाही. मग दोघांनी माझे हात धरले. दाढ निघाली, कापसाचा बोळा दाबून घरी आलो, संध्याकाळी आइसक्रीमही मिळालं. त्यानंतर बावीस वर्षं मी दंतवैद्याच्या खुर्चीत बसले नाही. ठणका असह्य झाला की गोळी घ्यायची, दुसऱ्या बाजूने चावायचं, फोटोत ओठ मिटून हसायचं.

लवंगेचं कोडं उलगडलं ते तिशी ओलांडल्यावर. लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचं द्रव्य असतं. दाढ दुखली की आजी लवंग धरायला सांगायची ती त्याच्याचमुळे. ते त्या जागेला थोडं बधिर करतं. हेच युजेनॉल झिंक ऑक्साइडच्या पांढऱ्या भुकटीत कालवलं की दातात तात्पुरतं भरायचा लगदा तयार होतो. दातांच्या दवाखान्याचा म्हणून जो खास वास आपण ओळखतो, त्यात हा लवंगेचा वाटा मोठा. १९९० च्या दशकात फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या संशोधकांनी लोकांना युजेनॉल हुंगायला देऊन त्यांच्या हृदयाचे ठोके, त्वचेचं तापमान, घाम यांची नोंद घेतली. दंतवैद्याची भीती नसलेल्यांना तो वास छान वाटला. भीती असलेल्यांना तो नकोसा झाला, आणि त्यांच्या शरीराने भीतीच्या वेळी देतं तसा प्रतिसाद दिला. एकच लवंग, आणि दोन माणसांच्या शरीरात तिचे दोन अर्थ!

असं का व्हावं? डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूच्या बाह्य थरापर्यंत जाताना आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर थांबतं. वासाला त्या थांब्याची गरज पडत नाही. नाकातून निघालेला संदेश दोन-तीन टप्प्यांत थेट अमिग्डालापर्यंत जातो. बदामाच्या आकाराची ही पेशींची गाठ धोक्याच्या खुणा लक्षात ठेवते. तिला तारीख, गाव, डॉक्टरांचा चेहरा यांच्याशी फारसं देणंघेणं नसतं. वेदना झाली तेव्हा आसपास काय होतं तेवढं ती टिपून ठेवते: वास, ड्रिलची शीळ, डोळ्यांवरचा दिवा, मागे कलणारी खुर्ची. पुढे त्यातलं एखादं जरी समोर आलं तरी ती इशारा देते, आपल्याला काही आठवायच्या आधीच. माझे तळहात घामेजायचे ते तिच्या सांगण्यावरून. जी मुलगी नवव्या वर्षी वाचली होती, तिला ही गाठ तिच्या परीने वाचवत राहिली होती.

पण दाढ तर लाखो मुलांची निघते. सगळीच कुठे घाबरतात? माझ्या मोठ्या भावाची माझ्याआधी दोन वर्षं निघाली होती, तो आजही बिनदिक्कत जातो. इथे मला खरा चमत्कार दिसतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ग्रॅहम डेव्ही यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं की ज्यांनी वेदनेच्या प्रसंगाआधी दंतवैद्याकडे निर्धास्त, न दुखणाऱ्या भेटी दिलेल्या असतात, त्यांच्यात भीती सहसा रुजत नाही. आधीच्या त्या साध्यासुध्या भेटी लसीसारखं काम करतात. माझी पहिली भेटच ती होती. भाऊ त्याआधी शाळेच्या तपासणीत आणि मावशीच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे तीनदा जाऊन आला होता. मुलाचे दात दुखत नसतानाच त्याला दवाखाना दाखवून आणावा, तो एवढ्यासाठी.

दुसरी गोष्ट वेदनेहूनही महत्त्वाची. १९७९ मध्ये अमेरिकेत बर्नस्टीन आणि सहकाऱ्यांनी लोकांना त्यांच्या दंतभीतीचं मूळ विचारलं. उत्तरांत वेदना होतीच; पण काळजी घेणाऱ्या डॉक्टरांच्या हातून झालेली वेदना मनात फारशी राहत नव्हती, आणि कोरड्या, दटावणाऱ्या डॉक्टरांच्या हातून झालेली खोल रुतत होती. ऑस्ट्रेलियातले जेसन आर्मफील्ड भीतीची मुळं सांगताना धोका आणि किळस यांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी धरतात: पुढे काय होणार ते न कळणं आणि ते थांबवता न येणं. ते वाचताना मला चिमटा आठवला नाही. मनगटांवरचे हात आठवले.

आता त्या इंजेक्शनकडे येते, कारण ते का चढलं नाही याचं उत्तर मला वाचता वाचता सापडलं आणि मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले.

लिडोकेन हे औषध स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलं. नसेतून वेदनेचा संदेश धावतो तो सोडियमच्या कणांवर स्वार होऊन. नसेच्या आवरणात त्यांच्यासाठी बारीक झडपा असतात. झडप उघडते, सोडियम आत शिरतं, पुढची झडप उघडते, आणि कळ मेंदूकडे निघते. लिडोकेन या झडपा बंद करतं, पण बाहेरून नव्हे, आतून. आत जायचं तर नसेचं स्निग्ध आवरण ओलांडावं लागतं, आणि ते फक्त विद्युतभार नसलेल्या रेणूंना वाट देतं. लिडोकेनचे रेणू दोन्ही रूपांत वावरतात, भार असलेले आणि नसलेले. निरोगी हिरडीत साधारण चौथा भाग भाररहित असतो. तो आत घुसतो, आत गेल्यावर पुन्हा भार घेतो आणि झडपेत जाऊन बसतो. दार आतून लावून घेणारा पाहुणाच म्हणायचा.

पण जिथे पू झाला आहे, सूज आहे, तिथलं वातावरण आम्लधर्मी होतं. आम्लात लिडोकेनच्या रेणूंवर भार चढतो, भाररहित वाटा झपाट्याने घटतो, आणि बहुतेक औषध नसेच्या दाराबाहेर ताटकळत राहतं. वरून सुजलेल्या दाढेच्या नसाही चवताळलेल्या असतात, जराशा धक्क्याने पेटतात. म्हणून सुजलेल्या जागी दिलेली भूल अर्धवट चढते किंवा चढतच नाही. आज दंतवैद्य सुजेपासून दूर, जबड्याच्या मागच्या कोपऱ्याशी, जिथे मूळ नस हाडात शिरते तिथे इंजेक्शन देतात. आधी पू काढून सूज उतरवतात. आणि काम सुरू करण्यापूर्वी जागा टोचून बघतात.

म्हणजे त्या दुपारी मी नाटक करत नव्हते. मला दुखत होतं, आणि ते का दुखत होतं हे रसायनशास्त्र सांगू शकतं. एवढं कळायला बावीस वर्षं लागली.

या कथेला एक मोठा भाऊ आहे. माणसाला शस्त्रक्रियेत वेदनेपासून सोडवण्याच्या आधुनिक काळातल्या धडपडीत दंतवैद्यांचा वाटा मोठा. १० डिसेंबर १८४४ च्या रात्री अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये होरेस वेल्स हे दंतवैद्य हास्यवायूचा खेळ बघायला गेले. वायू हुंगलेल्या एका माणसाचा पाय जखमी होऊन रक्त वाहत होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. दुसऱ्याच दिवशी वेल्सनी तो वायू स्वतः घेतला आणि सहकाऱ्याकडून आपली दाढ काढवून घेतली. दुखलं नाही. जानेवारी १८४५ मध्ये ते बॉस्टनला विद्यार्थ्यांसमोर प्रयोग करून दाखवायला उभे राहिले. वायू पुरेसा दिला गेला नव्हता. दात काढताना रुग्ण ओरडला आणि वेल्सची हुर्यो उडाली. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ ला, त्यांचेच एकेकाळचे भागीदार दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी त्याच शहरात ईथरचा प्रयोग यशस्वी केला. वेल्स १८४८ मध्ये अतिशय दुःखात गेले. अमेरिकन डेंटल असोसिएशनने त्यांना श्रेय दिलं ते १८६४ मध्ये. न चढलेल्या भुलीने फक्त खुर्चीतल्या माणसाचंच नाही, खुर्चीमागे उभ्या माणसाचंही आयुष्य मोडलं, हे मला वेल्समुळे कळलं.

भीती आठवणीलाही वाकवते. १९८५ मध्ये गेरी केंट यांनी रुग्णांना उपचाराआधी किती दुखेल असं वाटतं ते विचारलं, उपचारानंतर किती दुखलं ते विचारलं, आणि तीन महिन्यांनी किती दुखलं होतं ते पुन्हा विचारलं. घाबरट रुग्णांची तीन महिन्यांनंतरची आठवण प्रत्यक्ष वेदनेशी जुळली नाही. ती जुळली आधी वाटलेल्या धास्तीशी. यावर उपाय साधा आहे: खुर्चीतून उठल्याबरोबर किती दुखलं ते कागदावर लिहून ठेवायचं आणि पुढच्या भेटीआधी वाचायचं.

(आपल्याकडची आणखी एक धास्ती इथेच सांगते. वरची दाढ काढली की डोळे जातात, असं अजून कितीतरी घरांत मानतात. वरच्या दातांची नस आणि दृष्टीची नस या पूर्णपणे वेगळ्या आहेत. दाढ काढल्याने नजर अधू होत नाही.)

मग शिकलेली भीती पुसता येते का? सहसा पुसली जात नाही, हे प्रयोगशाळांनी वारंवार दाखवलंय. जुना धडा राहतो. त्याच्या शेजारी नवा धडा लिहावा लागतो, आणि तो पुन्हा पुन्हा गिरवून जुन्यापेक्षा ठळक करावा लागतो. मला भेटलेल्या डॉक्टरीणबाईंनी हेच केलं. पहिल्या दिवशी मी नुसती खुर्चीत बसले, चपला पायातच ठेवून. दुसऱ्या भेटीत फक्त आरसा. प्रत्येक वस्तू आधी सांगायची, मग दाखवायची, मग वापरायची, ही मुलांच्या दंतवैद्यांची पद्धत १९५९ पासून चालत आलीय. बाई ती माझ्यावर वापरत होत्या आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. आमचा एक करार होता: मी डावा हात वर केला की त्या थांबणार. तिसऱ्या भेटीत मी काही दुखत नसताना हात वर केला. त्या थांबल्या. नऊ वर्षांच्या मुलीचे धरलेले हात त्या क्षणी सुटले, असं मला वाटलं.

सुई टोचताना त्या माझा ओठ बोटांनी धरून हलवायच्या. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की स्पर्शाचे संदेश मज्जासंस्थेत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. आई आपटलेलं कपाळ चोळते तेव्हाही हेच घडत असतं. सुईनंतर छाती धडधडली, पण त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की औषधात थोडं अ‍ॅड्रिनलिन असतं, भूल जास्त वेळ टिकावी म्हणून. ते दोन-चार मिनिटांत ओसरेल. ओसरलं. हे माहीत नसतं तर मी त्या धडधडीला भीतीच समजले असते.

सगळ्यांचं एवढ्यावर भागतं असं नाही. ज्यांना सुई बघूनच चक्कर येते त्यांना हातापायांचे स्नायू आवळून रक्तदाब चढता ठेवायला शिकवतात. फार खोल भीती असेल तर मानसोपचारतज्ज्ञांसोबत पायरीपायरीने काम करता येतं. हास्यवायू किंवा शिरेतून गुंगी देणारं औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घेता येतं. वेल्सचा तो वायू आजही दंतवैद्यांच्या हाताशी आहे.

माझ्या तीन दाढांचं रूट कॅनॉल झालं, एक काढावी लागली. लवंगांचा वास आला की हात अजूनही किंचित ओलसर होतात. मसालेभात मीच करते.

तुम्ही, किंवा तुमच्या घरातलं कुणी, वर्षानुवर्षं टाळत असाल तर फोनवर वेळ घेतानाच एक वाक्य सांगा: मागच्या वेळी भूल चढली नव्हती आणि मला भीती वाटते. ही तक्रार नाही. डॉक्टरांनी सुई कुठे द्यायची, किती थांबायचं आणि आधी सूज उतरवायची का, हे सगळं त्या एका वाक्यावर ठरतं.