भोगीच्या सकाळी तळजाईवर

सव्वासहा वाजलेत. पुण्यात सहकारनगरकडून तळजाई टेकडीचा चढ सुरू होतो तिथे, दिव्याच्या खांबाखाली, वहिनी बुटांच्या नाड्या पुन्हा आवळून बांधताहेत. थंडी चांगली आहे. रस्त्यानं कानटोप्या, मफलर, स्वेटरवर गुंडाळलेल्या शाली चालल्या आहेत, आणि त्यांच्यामधून वाट काढत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली सुसाट वर जाताहेत. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे; सेकंदासेकंदाचा हिशेब. एक मुलगी हात गुडघ्यांवर टेकवून दोन श्वास घेते आणि पुन्हा सुटते.

"चढावर पळायचं नाही हं, भाऊजी," वहिनी मला बजावतात. "वर सपाटी लागली की मग."

आम्ही चालायला लागतो. वहिनी सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत. आषाढात त्यांची रक्ततपासणी झाली, तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 6.1 आला. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. वजन 68 किलो. डॉक्टरांनी पंधरा-वीस किलो उतरवा असं सांगितलं नाही. चार किलो म्हणाले, आणि घाई करू नका म्हणाले. मला तो सल्ला फार आवडला. आपल्याकडे वजनाचा विषय निघाला की लोक एकदम टोक गाठतात. कुणी महिनाभर नुसत्या काकड्या खातं, कुणी रात्रीचं जेवणच सोडतं. वजन भराभर उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि पुढे नेहमीचं जेवण सुरू झालं की वजन परत येतं, ते मुख्यतः चरबीच्या रूपानं. चार किलो हा आकडा छोटा वाटतो, पण वहिनींच्या वजनाचा तो जवळजवळ सहा टक्के आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2002 साली आले. सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम, एवढंच उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं.

समोरून एक सडपातळ गृहस्थ उतरताहेत. हातपाय काटकुळे, पण स्वेटरखाली पोट स्पष्ट दिसतंय. वहिनी हळूच म्हणतात, "ह्यांना कुणी वजन कमी करा म्हणणार नाही, नाही का?"

नाही म्हणणार, आणि तिथेच आपली फसगत होते. याच पुण्यात, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात, डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आयुष्यभर हा प्रश्न अभ्यासला. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र आलं. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, म्हणजे बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी स्वतःच्याच शरीराचा दाखला जगापुढे ठेवला, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. धावणं हे त्या फरकाचं एक संभाव्य कारण. जन्माच्या वेळचं कमी वजन हे दुसरं. आपली माणसं दिसायला बारीक असतात आणि चरबी पोटात, आतल्या अवयवांभोवती साठवतात. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा बीएमआय 25 ऐवजी 23 वर आणली आहे, आणि कंबर बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत, पुरुषांची 90 च्या आत असावी असं सांगतात. वहिनी शिवणाच्या डब्यातली टेप वापरतात. आषाढात 91 होती, आता 87.

वर सपाटी येते. गिरिपुष्पाची पानं वाटेवर पडलेली आहेत, झाडीतून मोर ओरडतो, उजेड फुटायला लागलाय. वहिनी मनगटावरचं घड्याळ बघतात. दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, हा त्यांचा क्रम. सुरुवातीला उलटा होता.

आता त्या पळताहेत. पावलं छोटी, खांदे सैल, टाच जोरात आपटत नाही. आणि ओठ हलताहेत. रामरक्षा चालली आहे. हे त्यांचं स्वतःचं माप. श्लोक सलग म्हणता आला तर वेग बरोबर, मध्येच श्वास तुटला तर वेग कमी करायचा. व्यायामाचे जाणकार पळताना बोलता आलं पाहिजे असं सांगतात, ते वहिनींनी आपल्या सोयीनं असं बसवलंय. मी शेजारून पळतो आणि ऐकतो. एका खडबडीत जागी आवाज अडकतो, वहिनी लगेच वेग उतरवतात, पुन्हा लय सापडते. मागून भरतीची दोन मुलं वाऱ्यासारखी पुढे जातात. वहिनी त्यांना वाट देतात आणि आपला वेग धरून राहतात.

हा संयम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पहिल्याच आठवड्यात जोरात पळून गुडघा किंवा पोटरी धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. हृदय आणि श्वास थोड्या आठवड्यांत सरावतात, हाडं आणि स्नायुबंध यांना त्याहून जास्त वेळ लागतो. एक दिवसाआड पळणं, मधल्या दिवशी घरी उठाबशा आणि भिंतीला टेकून जोर. एवढ्यानं स्नायू टिकतात, आणि जेवणानंतर रक्तात येणारी साखर प्रामुख्यानं स्नायूच उचलतात.

आज चार किलोमीटर होतात. चालायला लागल्यावर वहिनी विचारतात, "किती जळल्या असतील कॅलरी?"

हिशेब ढोबळ आहे. किलोमीटरमागे, वजनाच्या दर किलोला एक कॅलरी. पासष्ट गुणिले चार, अडीचशेच्या थोडं वर. उताराच्या कडेला गरम तेलात वडे सुटताहेत, त्यांचा वास इथवर येतोय. एका वडापावात साधारण तीनशे कॅलरी असतात. किलोभर चरबीत सुमारे 7700. नुसतं पळून वजन उतरवायचं म्हटलं तर हा आकडा माणसाचा धीर खचवतो, म्हणून वहिनी त्या वाटेला गेल्याच नाहीत. वजन उतरलं ते मुख्यतः स्वयंपाकघरात. पळण्याचा फायदा वेगळा: उतरलेलं वजन सहसा पुन्हा चढत नाही, झोप गाढ लागते, पोटातली चरबी हटते. चेन्नईच्या भारतीय अभ्यासात, 2006 साली, आहार आणि चालणं सुधारलेल्या लोकांचं वजन फारसं हललं नव्हतं, तरी मधुमेहाचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी घटला होता. काटा हलत नाही म्हणून पळणं सोडणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं.

उतारावर रसवाल्यांच्या गाड्या लागतात. गाजर, बीट, आवळा, कारलं, दुधी. पेले भरून रांगेत मांडलेले. लोक पळून येतात आणि उभ्यानं दोन-दोन पेले पितात. वहिनी थांबत नाहीत. गाजर चावून खाल्लं की चोथा पोटात जातो, भूक भागते. रसात चोथा राहत नाही. दुधीच्या रसाबद्दल तर मी आवर्जून सांगतो: घोट कडू लागला तर लगेच थुंकून टाकावा. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत.

पुढे भाजीवाल्या मावशी पोत्यावर बसल्या आहेत. आज भोगी, त्यामुळे वाटे तयार आहेत. वांगी, गाजरं, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे करवे.

"घे गं बाई, ताजं हाय. भोगीला न्यायलाच पाहिजे," मावशी म्हणतात.

"दोन वाटे द्या, मावशी. आणि गाजरं वेगळी अर्धा किलो."

पिशवी भरते. न खाई भोगी तो सदा रोगी, असं आपल्याकडे म्हणतातच.

घरी आईनं परात घेतली आहे. बाजरीच्या भाकरीवर तीळ थापले जाताहेत, तव्यावर पाण्याचा हात फिरतोय. वहिनी हातपाय धुऊन भाजीला लागतात. फोडणीसाठी बाटलीतून तेल ओतण्याची पद्धत या घरातून गेली आहे. चमचा येतो, मोजून तीन चमचे पडतात. पूर्वी पाच लिटरचा डबा तीन आठवड्यांत संपायचा, आता सहा आठवडे पुरतो. पाच माणसांच्या घरात यानं काय फरक पडतो ते वेगळं सांगायला नको. भाजीला तिळाचा आणि दाण्याचा कूट आहेच, तो वगळलेला नाही. मसालाही आईचाच.

ताटं वाढली जातात. वहिनींच्या ताटात भाजी आधी येते आणि अर्धं ताट व्यापते. मग मुगाची उसळ, वाटीभर दही, शेवटी एक भाकरी, तिच्यावर लोण्याचा छोटा गोळा. आषाढात हेच ताट उलटं होतं: तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वर भात. पदार्थ याच घरातले, फक्त त्यांची वाटणी बदलली. वहिनींना नवं काही शिकावं लागलं नाही, दुकानातली पावडर आणावी लागली नाही. चहातली साखर मात्र सुटायला वेळ लागला. संध्याकाळच्या फरसाणाच्या जागी भाजलेले फुटाणे आले. मार्गशीर्षातल्या गुरुवारी उपास होते. तेव्हा साबुदाण्याची खिचडी गेली आणि वरीचा भात, ताक, फळं आली. देवीला त्यात काही कमी पडलं असं आईलाही वाटलं नाही.

"अजून एक घे," आई भाकरी पुढे करते.

"अर्धी द्या, आई."

आई अर्धी मोडून देते, उरलेली माझ्या ताटात टाकते. भाजीतलं बोर दाताखाली येतं, आंबटगोड. वहिनी सावकाश जेवताहेत. काटा त्या आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी बघतात. मीठ आणि पाणी यांच्यामुळे वजन रोज अर्धा-एक किलो वरखाली होतं, त्यात मन अडकवायचं नाही. परवाच्या रविवारी 65 होतं. अजून एक किलो.

"उद्या गुळाच्या पोळ्या आहेत," आई जरा चाचरत म्हणते. "तुझ्यासाठी लहान लाटू का?"

"लहान कशाला? नेहमीच्याच लाटा," वहिनी म्हणतात. "दोन खाणार, तुपाबरोबर, दुपारच्या जेवणात. रात्री मुगाचं कढण करू." मग माझ्याकडे वळतात. "आणि भाऊजी, परवा सव्वासहाला. आता तीन मिनिटं पळू, एक मिनिट चालू. जमेल."